वाटून खाल्लेला फरक

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी नालवाडीच्या घरी बसून अहवाल तपासून द्यायची. त्यातला एक एका संस्थेचा होता. तिनं काही गावांतल्या गरीब बायकांना दरमहा रोख मदत दिली होती. कोणाला द्यायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. पुढे मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांची तुलना केली, तर खाण्यापिण्यात काहीच फरक नाही. म्हणून निष्कर्ष असा, की रोख मदतीचा उपयोग होत नाही.

निवड चोख होती, गणित बरोबर होतं. मला खोट सापडेना. तरी एखादं गाव बघावं म्हणून, संस्थेसाठी हा अभ्यास करणाऱ्या तरुण प्राध्यापकाबरोबर मी आंजीला गेले.

मदत मिळालेली बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. शेजारी तिची धाकटी जाऊ. तिची चिठ्ठी निघाली नव्हती. दोघींचे संसार वेगळे, मधे फक्त भिंत.

"पैशाचं काय केलं?" मी थोरलीला विचारलं.

"काय करू जी? तेल आणलं, डाळ आणली. अर्धं हिले देलं."

"हिला? का बरं?"

"काऊन म्हणजे? हिचे लेकरं माह्या लेकरायसमोर उपाशी बसतीन काय?"

धाकटी हसून म्हणाली, "हिच्या घरी अंडे शिजले का माह्या घरी वाटी येतेच."

मी गारच पडले. फरक दिसणार कुठून? मदत दोन्ही घरांत पोचली होती! मी प्राध्यापकाकडे वळले. "तुम्ही हे विचारलं नव्हतं?"

"काय खाल्लं, एवढंच विचारलं होतं," तो कसाबसा बोलला.

थोरलीनं त्याला ओळखलं. "सर, दिवाळीपासून पैसे बंद हायेत. आता कधी येतीन?"

तो मला बाजूला घेऊन सांगू लागला. माझं मत यायच्या आधीच, कच्च्या अहवालावरून संस्थेनं मदत थांबवून टाकली होती. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

घरी येताच मी संस्थेला कळवलं, की हा निष्कर्ष टिकत नाही. प्राध्यापकानं, कौतुक त्याचं, अहवाल मागे घेतला आणि पुन्हा घरोघर जाऊन विचारलं. कितीतरी घरांत असंच वाटून खाल्लं होतं.

मदत मात्र परत सुरू झाली नाही. संस्थेनं तोवर ते पैसे दुसऱ्या कामाला लावले होते.