मंगळ्याच्या बेडक्यात आणखी काय होतं

पनवेलच्या मच्छीबाजारात कुमुद घरत आली की कोळणी एकमेकींना खुणावत. मासळी ताजी असल्याच्या कितीही शपथा घेतल्या तरी ही बाई एकेक बोंबील उचलून, वास घेऊन मगच पिशवीत टाकणार. घरी नवरा सुभाष म्हणायचा, "ऊन पडलंय म्हटलं तरी तू बाहेर जाऊन बघशील." उरणच्या वाटेवरच्या मिठागरात राबणाऱ्या बळीरामची ही मुलगी. लॅबचा कोर्स करून १९८६ साली ती पनवेलमधल्या टीबीच्या एका लहान दवाखान्यात लागली, आणि तिथं या स्वभावाजोगं काम मिळालं. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांच्या बेडक्यात जंतू शोधायचे. स्वतःच्या डोळ्यांवरही तिचा फार भरवसा नव्हता.

१९९२च्या फेब्रुवारीत मंगळ्या परत आला. तळोज्याकडच्या वीटभट्टीवर काम करणारा कातकरी, वय तिशीचं. डिसेंबरात त्याच्या बेडक्यात टीबीचे जंतू कुमुदनंच पाहिले होते आणि गोळ्या लगेच सुरू झाल्या होत्या. दोन महिन्यांत माणसाच्या अंगावर जरा मांस दिसायला हवं. हा उलट आणखी वाळला होता. ताप हटत नव्हता, बेडका दाट पिवळा, आणि एक्स-रेत उजव्या बाजूला नवा डाग.

"गोळ्या फेकून देतोय हा," डॉक्टर अरुंधती म्हणाल्या.

"नाय बाय, रोज घेतो. मीच पाणी देतंय त्याला," मंगळ्याची बायको सोमी म्हणाली.

कुमुदला सोमीचं पटलं नाही. असे रोज गोळ्या घेणारे तिनं खूप पाहिले होते.

पण बेडका काचपट्टीवर पसरून तपासला आणि ती अडली. टीबीचा एकही जंतू दिसेना. गोळ्या फेकल्या असतील तर जंतू गेले कुठे? मग दुसराच संशय आला. डबीतला बेडका याचा नसेलच. खोकून दमलेले पेशंट कधी कधी शेजाऱ्याचा भरून आणत. तिनं मंगळ्याला अंगणात उभं करून समोर खोकायला लावलं. पुन्हा तेच. फक्त एका कडेला तुटक्या धाग्यांसारखं काहीतरी दिसलं, कुठं निळं, कुठं फिकट गुलाबी. रंगाची घाण असेल म्हणून तिनं पट्टी बाजूला ठेवली. घरी भात वाढतानाही ते धागे तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

चार दिवसांनी, कुणाला न सांगता, ती सकाळीच तळोज्याच्या बसमध्ये बसली. मंगळ्या भट्टीजवळच्या झोपडीच्या दारात गोणपाटावर पडला होता. कुमुदनं पर्समधून बाटली काढली.

"यात लघवी करून दे. आत्ताच."

"कशाला?" सोमी पुढं आली.

"लाल गोळी पोटात गेली असेल तर लघवीला रंग येतो."

"म्हंजे आमी खोटं बोलतो?" सोमीचा आवाज चढला. "नि तुमच्या गोल्याच खोट्या नसतील कशावरून? दोन म्हैने गिळतोय, नि बघा कसा झालाय!"

कुमुदनं बाटली तशीच पुढं धरली. मंगळ्या धरत धरत विटांच्या थप्पीमागे गेला. बाटली परत आली ती नारिंगी. कुमुदनं ती उन्हात धरली, फिरवून पाहिली. आधी तिला लाज वाटली, मग भीती. गोळ्या पोटात जात होत्या, टीबीचे जंतूही मरत होते, तरी माणूस खंगत होता. म्हणजे छातीत आणखी काहीतरी होतं.

दवाखान्यात आल्यावर ती पहिल्यांदा त्या बाजूला ठेवलेल्या पट्टीकडे गेली. टीबीच्या तपासणीत पट्टीला लाल रंग देतात आणि मग जहाल ॲसिडनं धुतात; टीबीच्या जंतूंचा रंग टिकतो, बाकी सगळ्यांचा जातो आणि ते नंतर दिलेल्या निळ्या रंगात रंगतात. ॲसिडनं अर्धवट धुतलं जाणारं काही असेल तर? तिनं ॲसिड पातळ केलं, अगदी शंभरात एक भाग. रंग नव्यानं गाळला. मंगळ्याच्या बेडक्याशेजारी दुसऱ्या पट्टीवर स्वतःची थुंकी घेतली, घाण रंगातच असेल तर तिथंही दिसावी म्हणून.

तिच्या पट्टीवर काही नव्हतं. मंगळ्याच्या पट्टीवर बारीक लाल धागे होते, मुळांसारखे फाटे फुटलेले.

"धूळ नाही ना, कुमुदताई?" डॉक्टरांनी विचारलं. "भट्टीवरचा माणूस आहे."

"मलाही तेच वाटलं, मॅडम. म्हणून तीनदा केलं. तीन दिवसांचे तीन बेडके."

डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिल्या. "नोकार्डिया असू शकतो," त्या हळूच म्हणाल्या. मातीत राहणारा जंतू, धुळीबरोबर छातीत जातो, आणि टीबीच्या गोळ्यांना सहसा दाद देत नाही. बेडका मुंबईच्या मोठ्या लॅबकडे गेला. उत्तराची वाट न बघता डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्यांच्या जोडीला सल्फाच्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या. तीन आठवड्यांनी मुंबईचा कागद आला, तेव्हा मंगळ्याचा ताप उतरून आठ दिवस झाले होते. कागदावर तेच नाव होतं.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "मी त्याला उगाच खोटारडा ठरवलं."

"मीही," कुमुद म्हणाली.

औषध वर्षभर चाललं. मंगळ्या उठला, पण उजवं फुप्फुस आक्रसलं ते आक्रसलंच. पुढं त्याला ओझं झेपलं नाही. दुसऱ्या हंगामात तो भट्टीवर मजुरांना पाणी भरून देऊ लागला. दवाखान्यात जहाल ॲसिडच्या बाटलीशेजारी पातळ ॲसिडची बाटली कायमची आली. औषध घेऊनही बरा न होणारा पेशंट दिसला की कुमुद ती उघडायची. बहुतेक वेळा काही सापडत नसे, तरी उघडायची.

गोळ्या न्यायला सोमी दर महिन्याला यायची. खिडकीवर मिळालेली पुडी तशीच घेऊन आधी कुमुदच्या टेबलाशी जायची.

"बाय, ही मागल्या वेलेपेक्षा बारीक दिसते. बघून सांग."

कुमुद हातातली पट्टी खाली ठेवायची, गोळी उजेडात धरायची, तिच्यावरची अक्षरं वाचायची. "तीच आहे गं."

"नक्की?"

मग कुमुद उठून औषधाच्या खिडकीवर जायची आणि डब्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचून यायची.