साडूंची काटछाट

आमच्या साडूंच्या हाती ब्रह्मदेवाने सृष्टीचा नकाशा दिला असता, तर त्यांनी आधी त्याच्या चारही कडा छाटल्या असत्या आणि मग 'आता बोला' म्हणून ब्रह्मदेवाकडे पाहिले असते. सरकारी इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून ते तिथल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आले, रिटायर झाले, पण नजरेतली कात्री काही बोथट झाली नाही. माझी बायको मयूर विहारहून आपल्या थोरल्या बहिणीला फोनवर एखादी हकिगत सांगू लागली, की मागून साडूंचा आवाज येतो, "यातलं कामाचं किती, तेवढंच सांगा." आता कामापुरतेच बोलायचे तर दोन सख्ख्या बहिणींना फोन हवाच कशाला, पण हे त्यांना कोण सांगणार?

फोटोंवर तर त्यांचा विशेष राग. इंडिया गेटसमोर काढलेला आमचा फोटो मी हौसेने त्यांना पाठवला. परत आला तेव्हा इंडिया गेट गायब होते आणि माझे पोटही अर्धे गेले होते. मी जाब विचारला, तर म्हणाले, "ते अनधिकृत बांधकाम आहे." ही छाटणी फोनवर दोन बोटांनी करणे त्यांना पोरखेळ वाटतो. फोटो नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्येच आणायचा, कोपऱ्या-कोपऱ्याला टिचकी मारत भोवती रेघ आखायची, आज्ञा द्यायची, की रेघेबाहेरचे दिसेनासे होते. मी एकदा 'कापले' म्हणालो, तर मास्तरांसारखे माझ्यावर वसकले. "कापलं नाही, झाकलंय. चौकट काढून टाकली की सगळं जागच्या जागी." पुढे ती नकाशाचीच फाइल नातेवाइकांना जाते, सोबत मूळ फोटोही जातो, कारण तो नसला तर पलीकडे नुसती रिकामी चौकट दिसते. आमच्यापैकी कोणालाही ती फाइल उघडता येत नाही. साडूंना त्याचे सोयरसुतक नाही.

या माणसाला एकच लेक. लहानपणच्या अपघातात तिचा एक पाय अधू झाला. काठी टेकत ती रोज मेट्रोने गुरुग्रामला नोकरीला जाते आणि बापासारखीच मोजके बोलते. तिच्यासाठी पुण्याचे एक चांगले स्थळ आले. मुलगा बांधकामाचाच इंजिनिअर. फोटो मागवला होता आणि घरात जो एक झकास फोटो होता, त्यात तिच्या हातात काठी होती. मेव्हणी म्हणाली, "आधी मुलगी तर पसंत पडू दे, काठीचं मग सांगू. एवढी सगळ्यांची काटछाट करता, घरच्या कामाला हात आखडू नका." लेक दारातूनच म्हणाली, "बाबा, काठी राहू द्या ना. मला चालायला लागते ती." पण छाटायला सांगितले आणि साडूंनी छाटले नाही, असे कधी झालेच नव्हते. त्यांनी खांद्याखाली रेघ मारली आणि सवयीप्रमाणे नकाशाची फाइल, मूळ फोटोसकट, पुण्याला धाडून दिली.

पुढच्या रविवारी आम्ही द्वारकेला जेवायला गेलो होतो, तेव्हा मुलाच्या वडिलांचा फोन आला. मुलगा इंजिनिअरच, त्याने फाइल उघडली, चौकट काढून टाकली आणि सगळे पाहिले. वडिलांनी सरळच विचारले, "काठी लपवायचा विचार होता का?"

साडू म्हणाले, "होता. चूक झाली. आता पूर्ण फोटो बघितलाय, तर काठीसकट बोलू."

"कळवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला, तो कायमचाच.

मेव्हणीने कपाळाला हात लावला. "कबूल कशाला केलंत? कॉम्प्युटरची गडबड म्हणायचं."

"गडबड माझी होती," साडू म्हणाले. जेवणाचे ताट तसेच ठेवून ते उठले, कॉम्प्युटरपाशी गेले आणि चौकट काढून टाकली. "यापुढे हाच फोटो जाईल. बिल्कुल असाच. ज्याला जायचंय, त्यानं फोटो बघूनच जावं." लेकीने त्यांचे ताट उचलून त्यांच्यापाशी नेऊन ठेवले. मला त्या क्षणी आमच्या साडूंचा विलक्षण अभिमान वाटला.

त्यानंतर तो फोटो बऱ्याच ठिकाणी गेला आणि बऱ्याच ठिकाणांहून उत्तर आले नाही. साडू हटलेले नाहीत. बाकी जगाची काटछाट जोरात चालूच आहे. परवा त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवले. पडद्यावर लेक उभी होती, बाल्कनीत, उन्हात, काठीवर हात ठेवून हसत.

"नीट बघा," ते म्हणाले. "यात कुठे काही जास्तीचं दिसतं का?"

मी खरोखर नीट पाहिले. "नाही."

"मलाही नाही दिसत," ते म्हणाले. मग पडद्यावरची नजर न काढता त्यांनी हळूच विचारले, "मग लोकांना का दिसतं हो?"

आम्ही दोघे तो फोटो बघत बसून राहिलो.