गुलनारबाईंनी चिकटवलेली घड्याळं

अमरावतीच्या गुलनारबाईंचा राग औषधाच्या दुकानातला आहे, हे आधी ध्यानात घ्यावं. बावीस वर्षं त्या काउंटरमागं उभ्या आहेत. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला गोळ्यांच्या पुडीवर सूर्य काढून देतात, चंद्र काढून देतात. आजवर एकाचीही गोळी चुकली नाही. अशा बाईची दादी नियमांच्या घोळात मेली, तर ती गप्प बसेल होय?

दादी खरी नव्हे. रविवारी दुपारी चंद्रभानच्या झेरॉक्सच्या दुकानात चार डोकी फासे घेऊन बसतात. शेखर सर अकोल्याहून येऊन गोष्ट रचतात आणि चंद्रभान, अश्विन, गुलनारबाई त्या गोष्टीतली पात्रं होतात. बाई तीन वर्षं दादी नावाची म्हातारी हकीम होत्या. नवऱ्यापेक्षा जास्त जीव त्या दादीवर, असं गल्ली म्हणते. गल्ली काय, काहीही म्हणते.

तर दादी विहिरीत अडकली, पाणी चढू लागलं. बाईंनी पाण्यात श्वास घ्यायचा मंत्र विधी म्हणून केला, कारण तसा केला की शक्ती खर्च होत नाही.

"विधीले दहा मिनिटं जास्त लागतात," शेखर सर म्हणाले. "तोवर पाणी डोक्यावर. दादी गेली."

"कुठं लिवलं?"

"नियमांच्या पुस्तकात, पान दोनशे बारा."

"मंत्र चाळीसव्या पानावर, अन् त्याचा वेळ दोनशे बारावर? नव्वदव्या पानावर अजून एक विधी, त्याले घंटाभर. दोन्हीले नाव एकच, विधी. माह्या दुकानात असं लेबल लावलं तर लायसन जाईन."

"गुलनारबाई, खेळ आहे."

"मेली ते माही होती."

त्यांनी सरांचं जाडजूड पुस्तक सरळ पिशवीत घातलं आणि निघाल्या. परत मागायची छाती कोणाची?

पुढच्या रविवारी पुस्तक आलं. प्रत्येक मंत्राशेजारी औषधाचं पांढरं लेबल. झटपट मंत्राला वीज, लांबणाऱ्याला घड्याळ, त्यात मिनिटं.

सरांचे कान लाल. "माह्या पुस्तकाले डिंक लावला तुमी?"

"तुमच्या पुस्तकानं माही दादी खाल्ली."

तेवढ्यात अश्विननं, तीन वर्षांत पहिल्यांदाच, कोणाला न विचारता हवा तो मंत्र पुस्तकातून शोधून काढला. सर ते बघून जरा नरमले. "बरं, अश्विनजवळ जिवंत करायचा विधी आहे. झाली दादी जिवंत, म्हणा."

बाईंनी पान उलटलं. घड्याळ, त्यात एक तास.

"अशी कशी झाली? बुडतानी मिनिटं मोजली ना? आता मोजा."

भिंतीवर पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सरांची अकोल्याची गाडी सहाची आणि घरी सासरे जेवायला यायचे होते.

"बाई, खेळातला तास असते तो."

"बसा."

सर बसले. चंद्रभाननं चहासुद्धा मागवला नाही. सहा वाजून दहाला दादीनं श्वास घेतला. तोवर घरून सरांचा फोन तीनदा वाजून थांबला होता. चौथ्यांदा वाजला, तेव्हा बाईंनी तो त्यांच्याकडं सरकवला.

"उचला, सर. सांगा, विधी चालू होता."