'तुम्हीच सांगा' म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाई

पेशंट समोर येऊन बसला की आमच्या डॉक्टरीणबाई पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवायच्या. बाकीचे डॉक्टर पेशंट दारात दिसताच लिहायला लागतात. यांचं उलटं. टोपण लावायचं, खुर्ची जरा पुढं ओढायची आणि म्हणायचं, "हं, तुम्हीच सांगा." या दोन शब्दांपायी गावानं त्यांचं नावच 'तुम्हीच सांगा' पाडलं, आणि या दोन शब्दांपायीच त्यांना गावातून घालवलं. ते आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. शांतपणे त्यांच्याबद्दल लिहायला मला जमणार नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव बेंबळीच्या बाजूला, आणि गावात मिरची कांडपाचं यंत्र एकच, आमचं. सासऱ्यांनी सुरू केलं, त्यांच्यामागं ते माझ्या गळ्यात पडलं, कारण नवऱ्याचा जीव शेतात. उन्हाळा लागला की आजूबाजूच्या चार गावांच्या मिरच्या माझ्या दारात येतात. आणि मला दमा. तालुक्याच्या एका डॉक्टरनं माझ्याकडं न बघताच सांगितलं, "मिरचीचं काम बंद करा." माहेरी उमरग्याकडं गेले, तर तिथला एक जण इंजेक्शन टोचायचा. आठवडाभर बरं वाटायचं, मग छाती पुन्हा घरघरायला लागायची. काम बंद करा म्हणायला कुणाचं काय जातं? घर चालवायला त्यांच्यापैकी कोण येणार होतं?

अशी वैतागलेली मी गावातल्या सरकारी दवाखान्यात गेले. धाप लागलेली, धड वाक्य पुरं होत नव्हतं. बाईंनी आधी वाफेचं औषध दिलं, छाती मोकळी होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. मग टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आता तुम्हीच सांगा, काय करायचं आपण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्या सांगू? मग तुमी कशाला बसलाव इथं?"

त्या रागावल्या नाहीत. "दमा मला कळतो," त्या म्हणाल्या. "तुमचा दिवस मला कळत नाही. तो कोण सांगणार?"

मी सांगितला. चिडून सांगितला, पण सांगितला. आजवर कुणी विचारलाच नव्हता.

बाईंना राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. कुणी हात जोडून म्हणालं, "तुमी म्हणाल तसं, बाई," की त्या कावायच्या. "मी म्हणेन तसं तुम्ही या दारापर्यंत वागता. दाराबाहेर मी येते का? तुम्हाला जमणार नसेल तर आत्ता सांगा, माझ्या तोंडावर सांगा." माणसं गोंधळायची. डॉक्टरसमोर 'जमणार न्हाय' म्हणायची आपल्याकडं पद्धतच नाही. आपण मान डोलावतो, गोळ्या घेतो आणि घरी जाऊन फळीवर ठेवतो. बाईंना ती फळी चांगली ठाऊक होती.

औषधाचंही तसंच. एक कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र आणि एक पंप, दोन्ही टेबलावर मांडून त्यांनी विचारलं, यातलं कुठलं जमेल. मी म्हटलं, माझे हात दिवसभर मिरचीचे, त्या हातानं कॅप्सूल धरली तर ओठ भाजतील. "हे माझ्या लक्षात आलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि पंप माझ्याकडं सरकवला. पंपही दोन, रोजचा वेगळा आणि धाप लागल्यावर घ्यायचा अडचणीचा वेगळा. रोजचा पंप बरं वाटत असलं तरी सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, नंतर चूळ भरायची. लक्षात कसा राहणार, याचंही उत्तर माझ्याकडूनच काढलं. मी म्हटलं, दातांना तंबाखूची मिश्री लावायला काही मी विसरत नाही, तिच्या आधी पंप घेत जाईन, म्हणजे एका चुळीत दोन कामं. बाईंनी कपाळाला आठी घातली. "मिश्रीवर आपण पुढच्या वेळी भांडू. आज पंप." आणि पुढच्या वेळी खरंच भांडल्या.

घरी सासूबाईंनी पंप बघून तोंडाला पदर लावला. आमच्याकडं पंप म्हणजे शेवट. पंप लागला की माणूस काही फार दिवसांचा नाही, असं गाव धरून चालतं, म्हणून लोक तो धान्याच्या कणगीत लपवतात आणि धाप लागली की शोधत बसतात. मी तो कांडपाच्या खोलीत, यंत्राला हळदीकुंकू लावतो त्या कोनाड्यात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. कुणी काही बोललं की म्हणायचे, "तुमाला पायजे का?"

एवढं करूनही मिरचीच्या दिवसांत रात्री छाती भरायचीच. मग एक दिवस दवाखाना आटोपून बाई स्वतः कांडपावर आल्या. आमच्याकडची रीत अशी, की आपली मिरची कुटून होईपर्यंत गिऱ्हाईक बाई यंत्रापासून हलत नाही. नाकाला पदर लावेल, डोळ्यांतून पाणी गाळेल, पण खडा पहारा देईल. न जाणो, कांडपवाली आपली चांगली मिरची काढून घेईल आणि दुसरीची हलकी मिसळेल. सगळ्या सख्ख्या शेजारणी, आणि सगळ्यांचा माझ्यावर संशय. डॉक्टरीणबाई ठसकत दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या सगळ्या आत उभ्याच आहेत, तर तुम्ही आत काय करता?"

"मिरची घालते. सारखी करते. चाळते."

"त्यातलं काय तुमच्याशिवाय होणार नाही? तुम्हीच सांगा."

मी विचार करायला लागले, आणि मलाच हसू आलं. माझ्याशिवाय होणार नाही असं फक्त यंत्र चालू-बंद करणं होतं, आणि बटण तर बाहेरही बसवता येत होतं. पहाराच द्यायचा आहे ना? मग आपली मिरची आपण घाला, आपण सारखी करा, आपण चाळा. बायकाही खूश झाल्या, संशयाला जागाच उरली नाही. मी बाहेर कडुलिंबाखाली बटणापाशी बसायला लागले. त्या उन्हाळ्यात मी किती तरी वर्षांनी पाठ टेकून झोपले. कांडपही चालू राहिलं.

आता गावाचं सांगते. गावाला डॉक्टर कसा लागतो? आल्या आल्या सुई टोचणारा, सलाईन लावणारा, वर चार शिव्या घालणारा. विचारणारा डॉक्टर म्हणजे अडाणी. पारावर बसणारे आमचे तात्या, गावातले वजनदार गृहस्थ, म्हणायचे, "हिला काय येत न्हाय, म्हणून आपल्यालाच इचारती. आपल्याला कळत असतं तर हिच्याकडं कशाला गेलो असतो?" लोक हसायचे. वर बाई एकेका पेशंटला वेळ देतात म्हणून रांग लांब होते, ही दुसरी तक्रार. रांगेत थांबायला वेळ नाही, पारावर बसायला आहे.

तात्यांनी बाईंची वरच्या साहेबांकडं तक्रार केली, आणि ग्रामसभेत ती साऱ्या गावाची तक्रार म्हणून मांडली. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "माझा दम कुणामुळं कमी झाला ते सगळ्यांना ठावं हाय. गावाची तक्रार म्हणू नगा, तुमची म्हणा." तात्या म्हणाले, "बस खाली. बायामाणसाचं काम न्हाय." ज्यांच्या लेकरांची धाप बाईंनी थांबवली होती त्या बायका माझ्या शेजारीच बसलेल्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. तात्यांचा मला राग आहेच, पण त्या गप्प तोंडांचा त्याहून जास्त आहे, आणि तो मी जाऊ देणार नाही.

बाईंची बदली भूमकडं झाली. जायच्या दिवशी त्या पिशवीभर मिरची घेऊन आल्या. म्हणाल्या, तिकडं नेते, इथली चव राहू दे. मी सवयीनं म्हटलं, "या आत, तुमच्यासमोर कुटते."

"मी कशाला थांबू? तुम्ही बघालच की. सामान बांधायचंय, संध्याकाळी नेते." आणि पिशवी ठेवून त्या निघून गेल्या. इतक्या वर्षांत मिरची सोडून गेलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. माझे डोळे भरून आले, आणि त्याला मिरची कारण नव्हती. संध्याकाळी तिखटाचा डबा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकणसुद्धा उघडून बघितलं नाही. "पंप चुकवू नका" म्हणाल्या आणि एसटीत बसल्या. ज्या गावावर त्यांनी एवढा भरवसा टाकला, त्यातलं माझ्याशिवाय कुणीही स्टँडवर आलं नव्हतं.

नवे डॉक्टर गावाला पसंत आहेत. मान वर न करता लिहितात, लवकर सोडतात.

परवा तात्यांची बायको, आमच्या काकू, मिरची घेऊन आल्या. रीतीप्रमाणं यंत्रापाशी उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळात भिंत धरून खाली बसल्या. मी धरून त्यांना लिंबाखाली आणलं. छातीतली घरघर मला बाहेर ऐकू येत होती. धाप जरा बसल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "लई दिसापास्नं हाय गं. ह्यास्नी सांगितलं न्हाय. तुझा कसा कमी झाला?"

ग्रामसभेत माझ्या शेजारी बसलेल्यांत या पण होत्या. तोंडाशी आलेलं सगळं बोलायचं होतं मला. पण त्यांचा पदर घामानं भिजला होता आणि हात माझ्या मनगटावरून सुटत नव्हता. मी बटण बंद केलं, त्यांच्यासमोर बसले, आणि आवाजातला राग काही जाईना तरी विचारलं, "तुमीच सांगा, काकू. कवा कवा लागतो दम?"

त्या सांगत राहिल्या, मी ऐकत राहिले. मग त्यांना उठवलं आणि म्हटलं, "चला दवाखान्यात. हे समदं त्या डॉक्टरला सांगायचं. त्यानं मान वर करून ऐकल्याबिगर खुर्चीवरनं उठायचं न्हाय. म्या बसते शेजारी."

"आन् माझी मिरची?" काकूंनी आत बघितलं.

"ऱ्हाऊ द्या तितंच," मी म्हटलं.