टाकीतला डाग

भावाभावांचं ते भांडण हवालदारणीने पत्र्याच्या भिंतीआडून ऐकलं, तेव्हा थोरल्याशी तिच्या लग्नाला पुरते दोन महिनेही झाले नव्हते. ती मागच्या मोरीत गिऱ्हाइकांचे रबरी पोशाख गोड्या पाण्यात खळबळत होती आणि पुढे दुकानात दोघे भाऊ टाक्यांवरून हमरीतुमरीवर आले होते. टाक्या म्हणजे पाण्याच्या नव्हेत. हौशी माणसं समुद्राखाली मासे बघायला जातात ना, ती पाठीवर हवेची टाकी बांधून जातात. त्या टाक्या भरून भाड्याने द्यायचा या दोघांचा धंदा. आता नव्या घ्यायच्या होत्या, आणि स्टीलच्या घ्यायच्या की अॅल्युमिनियमच्या, इथे घोडं अडलं होतं.

धाकट्याचं म्हणणं, अॅल्युमिनियमची घ्यावी. स्वस्त पडते, स्टीलसारखी गंजत नाही, बूड सपाट म्हणून होडीत आपली आपण उभी राहते. स्टीलचं बूड गोल, तिला खाली रबरी टोपडं घाला, वर आत ओल शिरली की गंज ठरलेला. थोरल्याचं म्हणणं, अॅल्युमिनियमची टाकी पोट भरलेलं असेतो शहाणी. हवा संपत आली की हलकी होते आणि माणसाला वर ओढायला लागते. मग तिला धाक म्हणून कमरेला आणखी दोन किलो शिसं बांधा. स्टीलची टाकी रिकामी झाली तरी पाण्यात जड ती जडच.

"अरे दादा, लोक वर्षातून चार दिवस येतात. त्यांना कशाला एवढं?"

"चार दिवस येतात म्हणूनच. कसलेला माणूस सावरतो. नवखा काय करील?"

"आणि गंजल्या तर?"

"माझ्या हातात आहेत तोवर गंजणार नाहीत."

"एवढं प्रेम होतं तर टाकीशीच लग्न लावायचं होतंस."

यावर मागे मोरीत एक रबरी पोशाख दगडावर असा काही आपटला गेला, की पुढे दोघेही गप्प झाले. आठवड्याने चौदा टाक्या आल्या. स्टीलच्या.

थोरले हवा भरायचे म्हणून लोक त्यांना हवालदार म्हणत. बायको ओघानेच हवालदारीण झाली. दंडुका नाही, शिट्टी नाही, पण टाक्यांच्या बाबतीत माणूस खरोखर पोलिसासारखा कडक. हवा दाबणाऱ्या यंत्रात पाणी साचतं, ते दर पाव तासाने घड्याळ बघून सोडायचे. गिऱ्हाइकाने टाकी अगदी रिकामी करून आणली की त्याला शाळेतल्या पोरासारखं उभं करून सांगायचे, तळाशी थोडी हवा ठेवावी, नाहीतर समुद्र आत डोकावतो. आणि वर्षातून एकदा प्रत्येक टाकीची तोटी काढून, तारेला बांधलेला इवलासा दिवा आत सोडून, तोंडाला उजवा डोळा लावून बघायचे. टाकीचं तोंड ते केवढं, अंगठा जाईल एवढं. हवालदारीण टाकी आडवी धरून बसायची आणि ते बघत असताना श्वास रोखायची. मग ते म्हणायचे, "स्वच्छ." वीस वर्षं हेच चाललं. चौदाच्या चौदा.

एकविसाव्या वर्षी पहिल्याच टाकीवर ते अडकले. दिवा हलवला, टाकी फिरवली, डोळा चोळला. म्हणाले, "आत डाग आहे."

हवालदारणीनेही डोळा लावला. तिला आतून घासलेल्या कळशीसारखी भिंत दिसली. "मला तर काही दिसत नाही हो," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. रागाने नव्हे, सवयीने. आणि तिलाही ते पटलं. चौथीतून शाळा सुटलेली बाई ती, वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला काय शिकवणार?

टाकी बाद केली की तिला भोक पाडायचं, असा त्या धंद्यातला रिवाज. नाहीतर कुणी लोभी किंवा अडाणी माणूस ती पुन्हा भरायचा आणि फुटली की जीव जायचा. हवालदारांनी ड्रिल घेतलं आणि स्वतःच्या हाताने भोक पाडलं. त्या दिवशी ते जेवायला बसले पण जेवले नाहीत.

त्या वर्षी तीन टाक्या गेल्या. पुढच्या वर्षी सहा. ते म्हणायचे, तळाला बघावं तर तळाला डाग, बाजूला बघावं तर बाजूला, सगळी टाकीच नासली आहे. पाणी पाव तासाऐवजी दहा मिनिटांनी सोडायला लागले. यंत्राची गाळणी दुप्पट वेळा बदलली. हवालदारीण टाकी धरून बसायची, त्यांचं झालं की हळूच आपणही डोळा लावायची आणि दर वेळी तिला कळशीच दिसायची. तोंडाशी आलेलं ती दर वेळी गिळायची. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. पण त्याला निदान लोक सांगतात तरी, बाबा रे, तुझे डोळे पिवळे झाले. हवालदारांचे डोळे बाहेरून चांगले काळेभोर होते. ते वर्तमानपत्र वाचायचे, सुईत दोरा ओवायचे. दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणं दुसरा झाकतो, नवराबायकोसारखं.

पाच टाक्या उरल्या तेव्हा ते आपण होऊन धाकट्याकडे गेले आणि म्हणाले, "तुझं खरं होतं. अॅल्युमिनियमच्या मागव." धाकटा वीस वर्षं या वाक्याची वाट बघत असेल, पण त्या वेळी त्याला एकही टोमणा सुचला नाही. "बसा दादा, चहा घ्या," एवढंच म्हणाला. लहानपणापासून अरेतुरे करणारा भाऊ अहोजाहो करायला लागला, हे हवालदारणीला भांडणापेक्षा जास्त लागलं.

नव्या टाक्या आल्या, कोऱ्या करकरीत. गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी एकदा बघावं म्हणून हवालदारांनी पहिलीची तोटी काढली, दिवा सोडला, डोळा लावला. मग दुसरी उघडली. मग तिसरी.

"यातही आहे," ते म्हणाले.

कालच आलेली टाकी, तीही न गंजणारी. धाकटा हिशोबाच्या टेबलापाशी उभा राहिला तसाच. हवालदारणीने हातातली टाकी परत त्यांच्यापुढे धरली. इतक्या वर्षांत न बोललेलं ती बोलली.

"अहो, दुसरा डोळा लावून बघा."

त्यांनी डावा डोळा लावला. मग परत उजवा. मग परत डावा. मग दिवा बाहेर ओढून घेतला, तार बोटांना नीट गुंडाळली आणि मागच्या अंगणात गेले. भोकं पाडलेल्या नऊ टाक्या तिथे भिंतीला ओळीने टेकून ठेवल्या होत्या. त्यांनी एकीच्या भोकात बोट घातलं. आतून बोट फिरवलं, बाहेर काढून पाहिलं. बोटाला काही लागलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजला आहे. गेलेलं परत येत नाही, आणि दुसऱ्याचंही सांगता येत नाही. भोकं पाडलेल्या टाक्यांचंही तसंच; ती भोकं बुजवून चालत नाही. घरी परतताना वाटेत ते एकदाच बोलले.

"तुला तेव्हा स्वच्छ दिसत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. एकदा."

"एकदाच का?"

याचं उत्तर हवालदारणीला पुढे किती वर्षं शोधलं तरी सापडलं नाही.

त्यानंतर टाक्या तपासायचं काम धाकट्याने बाहेरच्या कारखान्याला दिलं. पाच स्टीलच्या टाक्या तिथून स्वच्छ म्हणून परत आल्या, त्या त्याने कोपऱ्यात ठेवल्या, विकल्या नाहीत आणि वापरल्याही नाहीत. भरायचं कामही हळूहळू हवालदारांकडून गेलं, कारण डावा डोळाही तसाच झिजत गेला आणि दाबाचा काटा आकड्यावर आला की आकडाच नाहीसा व्हायचा. हातगाडीवर टाक्या घालून धक्क्यावर न्यायचं काम तेवढं राहिलं. वाट सरळ होती, उताराची होती, आणि तिच्या कडा त्यांना दिसत होत्या. हवालदारीण आधी बरोबर जायची. "मी काय नवरदेव आहे, मिरवत न्यायला?" म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. मग ती दारात उभी राहायची.

अशी तीन वर्षं गेली. ज्या सकाळी ते अंथरुणातून उठलेच नाहीत, तिच्या आदल्या दिवशीही ते चार टाक्या घेऊन गेले. अॅल्युमिनियमच्या चार, आणि दोन किलोची शिशाची जादा पाकिटं, नवख्यांसाठी. होडीवाल्याला त्यांनी ती मोजून दिली, त्याच्या हाताने कमरेच्या पट्ट्यांत घालून घेतली, प्रत्येकाचं बक्कल अंगठ्याने दाबून पाहिलं. दुपारी रिकाम्या टाक्या परत आणल्या. प्रत्येकीची तोटी किंचित उघडून कानाशी धरली, तळाशी हवा आहे ना ते ऐकलं, आणि बंद केली. मग मागच्या मोरीत नेऊन चारही गोड्या पाण्याने धुतल्या, ओळीने उभ्या केल्या, आणि हात पुसत आत येऊन विचारलं, उद्याला किती सांगितल्यात.

"तीन," हवालदारीण म्हणाली.