कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

माझ्या नवऱ्याचं टावर चौकाजवळ कंप्यूटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुकानात मावत नाही ते सगळं आमच्या माधव नगरच्या घरी येतं. पलंगाखाली मॉनिटर, माळ्यावर कीबोर्ड, पिठाच्या डब्याशेजारी वायरींचं भेंडोळं. मी त्याला कबाड म्हणते आणि अजूनही म्हणेन.

सासूबाई शाळेत शिकवायच्या. रोज चार पानं वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झाला. कडेचं थोडंफार दिसायचं, समोरचं नाही, आणि चष्म्याने काही होणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. मी वाचून दाखवायला बसले की त्या दोन ओळींतच थांबवायच्या.

"रहने दे. तुला कामं पडली आहेत."

मग पुस्तकं कपाटात गेली आणि त्या दुपारभर नुसत्या बसून राहू लागल्या. मला ते बघवत नसे.

एका रविवारी नवऱ्याने कबाडातला जुना वेबकॅम काढला, मोडक्या टेबल लँपच्या दांडीवर बसवला आणि एका जुन्या कंप्यूटरला जोडला.

"झालं, आता जेवायच्या टेबलावरही पसारा," मी म्हटलं.

त्याने लक्षच दिलं नाही. कॅमेऱ्याखाली पुस्तक ठेवून तो भिंग फिरवत राहिला. आणि स्क्रीनवर एकेक अक्षर पुरीएवढं झालं. सासूबाईंनी मान तिरकी केली, डोळ्यांच्या कडेने बघितलं आणि अक्षराला अक्षर जोडत अख्खी ओळ वाचली. हेच सामान भंगारवाल्याला देण्यासाठी मी किती वेळा भांडले होते.

दसऱ्याला आमच्याकडे विळी, शिलाई मशीन, स्कूटर सगळ्यांची पूजा होते. यंदा सासूबाईंनी पहिला मान आपल्या यंत्राला दिला. फूल वाहिलं आणि चाचपडत त्याच्या कपाळी कुंकू लावलं. ते नेमकं भिंगावर लागलं. दुपारी वाचायला बसल्या, तर स्क्रीनवर नुसता लालसर अंधार.

"हे पण गेलं का रे?" त्यांनी लेकाला हाक मारून विचारलं.

नवऱ्याने दांडी वर वळवून भिंग बघितलं आणि हसत हसत रुमालाने पुसलं. कॅमेऱ्याचं तोंड तसंच वर राहिलं. समोर मी चहा घेऊन उभी होते. स्क्रीनभर माझा चेहरा आला.

सासूबाई खुर्ची पुढे ओढून बघू लागल्या. दोन वर्षं त्या मला आवाजावरून, पावलांवरून ओळखत होत्या, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. मी हातातला कप न हलवता उभी राहिले.

"किती केस पांढरे झाले गं तुझे," त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही."