काकूंच्या पायाला कळलं होतं

गोदाकाकू माझ्या चुलत्याची बायको. मी पदवीपर्यंत पोचलो ते त्यांच्यामुळं. आणि डॉक्टरांसमोर मी हसलो, तेही त्यांनाच.

शहरातला मोठा दवाखाना. टेबलामागं मोठे डॉक्टर. त्यांच्यामागं पांढऱ्या कोटातली शिकणारी पाच-सहा पोरंपोरी. आम्ही येरमाळ्याहून पहिली एसटी धरून आलो होतो. बसून बसून माझी कंबर आखडली होती. खुर्चीवर बसताना मी टेबलाची कड धरली.

"काय होतंय?"

"कंबर दुखते, सर. सकाळी उठता येत नाही. दुपारनंतर बरं वाटतं."

डॉक्टर मागं वळले. "ऐकलं का? कामाच्या वेळी दुखतं, जेवायच्या वेळी थांबतं. असं दुखणं मलाही द्या कुणीतरी."

पोरं हसली.

काकू दाराजवळ उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि बोलल्या.

"सायेब, त्येचं खरं हाय. म्या रोज सकाळी पाय ठिवते त्येच्या पाठीवर. लाकडावानी आसती. हिंडला-फिरला की मऊ पडती. निजला की पुन्ना लाकूड. उसण आशी नसती सायेब. उसण निजल्यावर उतरती."

"पाय ठेवता? पाठीवर?"

"व्हय. म्या पायाळू हाय."

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. आमच्याकडं कुणाच्या पाठीत उसण भरली की सकाळी अनशापोटी पायाळू माणसाकडं जायचं, पालथं झोपायचं, आणि त्यानं डावा पाय तीनदा पाठीवरून फिरवायचा. काकूंच्या उंबऱ्यात चार गावांची माणसं येत. काकूंनी कधी कुणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही. लहानपणापासून हजारो पाठी त्यांच्या तळपायाखालून गेल्या.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "अरे वा! मग या बाई, तुम्हीच बसा इथं. मी बाहेर रांगेत उभा राहतो."

सगळी खोली हसली. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.

"शिक्षण किती?"

"बी.ए., सर."

"ग्रॅज्युएट. तुझा विश्वास आहे ह्या लाथेवर?"

"नाही, सर," मी म्हणालो. आणि हसलो.

मी का हसलो? त्या पांढऱ्या कोटातल्या पोरांच्या वयाचाच होतो मी. मला वाटलं, हसलो तर मी त्यांच्यातला. काकूंकडं बघायची हिंमत झाली नाही. नुसती त्यांची चप्पल दिसत होती. अंगठा तुटलेली, तारेनं बांधलेली. त्यांनी एक पाय दुसऱ्या पायामागं घेतला. लपवल्यासारखा.

डॉक्टरांनी कागदावर मानसिक ताण लिहिलं. गोळ्या दिल्या. म्हणाले, "आराम कर."

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हे दुखणं सुरू झालं होतं. आधी कुल्ल्यात. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मग कंबर. सकाळी चपलेत पाय घालायला भिंत धरायला लागायची. कळंबच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. दुसऱ्यांनी एक्सरे काढून सांगितलं, काही नाही. तिसरे म्हणाले, लग्न करा. कुणीही म्हणालं नाही, की मला कळत नाही.

पहाटे म्हशींची धार काढायचं काम माझं होतं. तेव्हाच माझं अंग दगड झालेलं असायचं. संध्याकाळी मात्र मी शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळू शकायचो. खेळलं की बरं वाटायचं. गावानं दोन्ही बघितलं आणि नाव ठेवलं, दुपारचा पैलवान. चुलते म्हणायचे, "ह्येला बी.ए. केलं आन् शेण दिसंना झालं."

माझ्या वाटणीच्या धारा काकू काढायच्या.

परतताना एसटीत त्यांनी फडकं सोडलं. भाकरीवर ठेचा ठेवून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "त्येंचं बी बरूबर आसंल. शिकल्याली माणसं हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यापाशी पालथा झोपलो. नेहमीसारखा. काकू आल्या नाहीत. मी हाक मारली.

चुलीपासून आवाज आला. "आता न्हाय ठिवत रं बाबा."

त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याच पाठीवर पाय ठेवला नाही. लांबून आलेली माणसं उंबऱ्यात बसून राहायची. काकू त्यांना चहा पाजायच्या आणि म्हणायच्या, "माज्या पायात काय न्हाय. दवाखान्यात जावा." माणसं मला विचारायची, काय झालं रे काकूला? मी सांगायचो, वय झालं.

आणि घरानं मला आराम दिला. डॉक्टरांनी लिहूनच दिला होता ना. मायेनं दिला. कुणी घागर उचलू देईना, कुणी मैदानावर जाऊ देईना. "पडून ऱ्हा," चुलतेसुद्धा म्हणायला लागले. मी वर्षभर पडून राहिलो. जितका पडलो तितका आखडलो. मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागायला लागलं. काकू येता-जाता उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "निजल्यानं वाढतंय रं हे." मग स्वतःच मागं फिरल्या. "जाऊ दे. मला काय कळतंय."

हे मला सहन झालं नाही. दुखणं सहन झालं होतं. हे झालं नाही.

मी एकटाच त्याच दवाखान्यात गेलो. सगळेच सांधे आखडले होते, म्हणून सोलापूरला सांधेवाताच्या डॉक्टरांकडं जायचं होतं, आणि तिथल्या खिडकीवर सांगितलं होतं, मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तीच खोली. नवीन पोरं.

"परत तू? गोळ्या वाढवून देतो."

"गोळ्या नको, सर. कागदावर लिहून द्या, की कारण समजलं नाही. आणि पुढं पाठवा."

"माझ्या कागदावर काय लिहायचं ते तू सांगणार?"

"हो, सर. पाठ माझी आहे."

त्यांनी शिपायाला हाक मारली. मी टेबलाची कड धरून उभाच राहिलो. म्हणालो, "उचलून न्या. आखडलोय, वाकत नाही. आहे तसाच न्या." शिपाई आला आणि दारात थांबला. डॉक्टरांनी दोन ओळी खरडल्या आणि कागद माझ्याकडं सरकवला. समजलं नाही, असं त्यांनी लिहिलं नाहीच. पण पुढं पाठवलं.

सोलापूरच्या सांधेवाताच्या डॉक्टर बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं राहतं? हिंडल्या-फिरल्यावर कमी होतं का? झोपून वाढतं का?"

मी रडायला लागलो. त्यांना वाटलं दुखतंय. तो काकूंचा प्रश्न होता. दाराजवळ उभं राहून काकूंनी हेच सांगितलं होतं, जवळजवळ ह्याच शब्दांत. त्याला ती सगळी खोली हसली होती.

रक्त तपासलं, एमआरआय झाला. दुखण्याला नाव मिळालं. मणक्यांचा सांधेवात. डॉक्टर बाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. कमरेखालचे सांधे जुळून गेलेत, ते आता सुटायचे नाहीत. "आधी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. शांतपणे म्हणाल्या.

काकू चौथीपर्यंत शिकल्यात. अक्षराखाली बोट धरून वाचतात. उपचारासाठी मी सोलापूरलाच राहिलो होतो, तिथून त्यांना मी हे पत्र पाठवलं.

काकूंना सा. न.

मोठ्या अक्षरात लिहितोय. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका, तुम्हीच वाचा.

माझं दुखणं सापडलं. ते झोपून वाढतं आणि हिंडून कमी होतं. हे डॉक्टर बाईंनी सांगितलं. त्याच्या आधी तुम्ही सांगितलं होतं. गेलेलं वर्ष परत येणार नाही. जुळलेली हाडं सुटणार नाहीत. मला रोज चालायचं आहे, आणि औषध चालू राहणार आहे.

खोटं सांगत नाही. माझी पाठ दाबायची नाही, असं त्यांनी बजावलंय. म्हणून आता तुम्ही म्हणालात तरी मी उंबऱ्यात झोपणार नाही. तुमच्या पायानं मी बरा झालो नाही. पण तुमच्या पायाला कळलं होतं. आणि ही उसण नाही, हे आपल्या पायाचं काम नाही, असं म्हणायचं धाडस एवढ्या सगळ्यांत तुम्ही एकटीनं केलं.

त्या दिवशी मी हसलो. तुम्ही पाय मागं घेतला ते मी बघितलं होतं. बघितलं नाही, असं दाखवलं. माफ करा, असं लिहून मला सुटायचं नाही. तुम्ही माफ करू नका.

येत्या सोमवारी मी त्या दवाखान्यात जाणार आहे. सगळी पोरं खोलीत असतील त्या वेळेला. रिपोर्ट टेबलावर ठेवून सांगणार आहे की सर, विश्वास आहे का असं तुम्ही विचारलं होतं. माझं उत्तर चुकलं होतं. ते दुरुस्त करायला आलोय. हे दुखणं पहिल्यांदा ज्यांनी ओळखलं, त्यांचं नाव गोदावरी. त्या दाराजवळ उभ्या होत्या. त्यांना कुणी बसायला दिलं नव्हतं.

ते हसतील. हसू द्या. या वेळेला हसणाऱ्यांत मी नसेन.